नेकारच्या काठाने डबलसीट

आपल्याकडे डबलसीट म्हणजे एकाने पायडल मारायचे आणि दुसऱ्याने कॅरिअरवर नुसते बसायचे. जर्मनीत आमच्या वाट्याला जी सायकल आली तिला सीट दोन, हँडल दोन आणि पायडलच्या जोड्याही दोन होत्या. मागे बसणाऱ्याची सुटका नाही. मात्र कुठे वळायचे आणि कधी थांबायचे, हे सगळे पुढच्याच्या हातात. पाच दिवस आम्ही नवराबायको असल्या सायकलवर होतो, कारण आमच्या तिघांत सायकल न येणारी एकच होती, आणि ती म्हणजे हे लिहिणारी.

तिसरी आमची लेक, नुकतीच दहावी झालेली. तिला सायकल उत्तम येते. कॉलनीच्या मैदानात भावंडांबरोबर ती शिकली, पण त्या मैदानाच्या फाटकाबाहेर तिची सायकल कधी गेली नाही. अकरावीला जे कॉलेज तिला हवे होते ते घरापासून साडेचार किलोमीटरवर आहे, आणि तिथे सायकलने जाण्याचा हट्ट तिने डिसेंबरपासूनच धरला होता. आमचे उत्तर ठरलेले होते. उसाचे ट्रॅक्टर, वाळूचे डंपर, फूटपाथ नाही, दिवे नाहीत. रस्ता चांगला असता तर आम्ही कशाला अडवले असते? हे वाक्य आम्ही इतक्या वेळा म्हटले होते की आमचाही त्यावर विश्वास बसला होता.

लेकीचे मामू हाइडलबर्गजवळच्या वालडॉर्फ गावी सॉफ्टवेअरचे काम करतात. मे महिन्याच्या सुट्टीत या, म्हणून कितीतरी वर्षे त्यांचा आग्रह होता. विमानाची तिकिटे आमची आणि तिथला खर्च त्यांचा, असे ठरले. आम्हाला वाटले होते की दोन-चार किल्ले पाहू आणि मामींच्या हातचे जेवू. मामूंनी मात्र आमची नावे गाइडसोबतच्या सायकल सहलीत घातली होती. हायलब्रोनपासून मानहाइमपर्यंत, नेकार नदीच्या काठाने, सव्वाशेच्या आसपास किलोमीटर. "रोज पंचवीसच्या घरात होतात," मामू म्हणाले, "आणि सगळा उतार आहे." पहिले खरे होते. दुसरे त्यांनी आपल्या बहिणीला धीर यावा म्हणून सांगितले होते.

अशा सहलीची व्यवस्था आधी सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. सकाळी बॅगा हॉटेलच्या दारात ठेवायच्या. त्या गाडीने पुढच्या मुक्कामी जातात. आपल्यापाशी फक्त पाण्याची बाटली, रेनकोट आणि खाऊ. सायकली भाड्याच्या, प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे सीट लावून दिलेल्या. आमच्या गटात अकरा माणसे होती, बहुतेक निवृत्त. आमची गाइड साठी ओलांडलेली बाई होती, पांढऱ्या केसांची, पायाने घट्ट, आवाज शाळेतल्या मुख्याध्यापिकेसारखा. तिचा नियम एकच होता. नदीवर जिथे जलपाश येईल तिथे सगळ्यांनी थांबून मोजणी द्यायची. दोन जलपाशांच्या मध्ये ज्याने त्याने आपल्या वेगाने यावे.

जलपाश हा शब्द आपल्या भूगोलाच्या पुस्तकात असतो, पण आम्ही स्वतः तो कधी पाहिला नव्हता. नेकारवर मानहाइमपासून वर प्लोखिंगेनपर्यंत असे २७ आहेत. बंधाऱ्याने पाणी अडवलेले असते. मालवाहू बोट एका लांबट हौदात येते, मागचा दरवाजा बंद होतो, पाणी सोडतात किंवा भरतात आणि बोट खालच्या नाहीतर वरच्या पातळीला येते. पहिल्या जलपाशावर आम्ही अर्धा तास उभे राहून हे पाहिले. मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवताना आपण दरवाजे उलटे दाखवत होतो, हे तिथे कळले.

नदीकाठची ही वाट एवढी सपाट का, याचेही कारण आहे. जुन्या काळी बोटी प्रवाहाविरुद्ध वर नेण्यासाठी काठावरून घोडे त्यांना दोरखंडाने ओढत. घोड्यांना चालायला नदीला लागून वाट हवी, आणि तिला चढ नको. पुढे १८७८ मध्ये मानहाइमपासून हायलब्रोनपर्यंत नदीच्या तळाशी लोखंडी साखळी टाकली. वाफेच्या बोटी ती साखळी उचलून तिच्यावर स्वतःला ओढत पुढे जात आणि मागे पुन्हा पाण्यात सोडत. त्यांचा भोंगा गाढवासारखा वाजे, म्हणून लोक त्यांना नेकारचे गाढव म्हणत. बंधारे झाल्यावर १९३५ मध्ये हे प्रकरणही संपले. घोडे गेले, गाढवे गेली, आणि त्यांच्या वाटेचे कितीतरी तुकडे आता सायकलवाल्यांच्या कामी येतात. काही ठिकाणी मात्र वाट नदी सोडून द्राक्षमळ्यांच्या बाजूला चढते. तिथे मामूंची आठवण काढत आम्ही डबलसीट खाली उतरून ढकलली.

सुरुवातीचे शहर हायलब्रोन. ४ डिसेंबर १९४४ च्या रात्री बॉम्बहल्ल्यात या शहराचा जुना भाग जळून गेला आणि सहा हजारांहून जास्त माणसे मेली. आज किलियनचे चर्च आणि मोजक्या इमारती पुन्हा उभारलेल्या दिसतात, बाकी सगळे नवे. गाइड बाईने हे फार थोड्या शब्दांत सांगितले आणि सायकलवर बसली. आमच्या मनात मात्र या गावाबद्दल वेगळेच कुतूहल होते. अल्लामा इक्बाल यांना हाइडलबर्गमध्ये जर्मन शिकवणाऱ्या एम्मा वेगेनास्ट या हायलब्रोनच्या. पुढे बरीच वर्षे दोघांचा पत्रव्यवहार चालला. उर्दू शिकवणाऱ्याला हे नाव माहीत असते, पण गाव कुठे, नदी कोणती, याचा पत्ता नसतो.

नदीच्या नावाची तर गंमतच आहे. इक्बाल यांची "एक शाम" ही छोटी नज्म "बांगे-दरा"मध्ये आहे, आणि तिच्या नावाखाली ती नेकर दरियाच्या काठी, हाइडलबर्ग इथे सुचल्याचा उल्लेख आहे. बी.ए.च्या वर्गात सरांनी तो मोठ्याने वाचला तेव्हा मागच्या बाकांवर हसू फुटले होते. आपल्याकडे नेकर म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक. सर रागाने म्हणाले होते, एकदा ती नदी बघा आणि मग हसा. पंचवीस वर्षांनी आम्ही ती पाहत होतो, आणि तिचा खरा उच्चार नेकार आहे, हे सरांना सांगायला सर राहिले नव्हते.

पहिला मुक्काम बाड विंफेनला. टेकडीवर मध्ययुगीन सम्राटांच्या वाड्याचे अवशेष, एक निळसर छपराचा उंच मनोरा, लाकडी चौकटींची घरे. फार सुंदर गाव, पण त्या संध्याकाळी आमचे लक्ष गुडघ्यांकडे होते.

खाण्याचे सांगायचे तर मोठ्या गावात अडचण नाही. १९६१ मध्ये जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला, तेव्हापासून तुर्की कुटुंबे तिथे आहेत. हायलब्रोनच्या एका तुर्की दुकानातून आम्ही दोन दिवसांची शिदोरी बांधून घेतली. खेड्यात पाव, चीज, अंडी, मासे. ब्रेत्सेल नावाचा गाठीसारखा वळलेला पाव लेकीला आवडला, पण त्या भागात कधी कधी त्यात चरबी घालतात, म्हणून "श्वाइन?" असा एकच प्रश्न ती प्रत्येक बेकरीत विचारी. प्यायला सफरचंदाचा रस सोड्यात. नमाज नदीकाठच्या गवतावर. इथे पश्चिमेला वळायची सवय, तिथे किब्ला आग्नेयेला. पहिल्या दिवशी तिघेही सवयीने चुकलो. सूर्य रात्री नऊनंतर मावळायचा, तेव्हा इशाला जागे राहणे हीच एक कसरत होती.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट सांगण्यासाठीच खरे तर हा लेख आहे.

वाट नदीला लागून, रुंद, डांबरी, मोटारींना बंदी. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला गवत आणि चेरीची झाडे. आमची डबलसीट रखडत चालली होती. लेक पुढे जायची, थांबायची, मागे वळून पाहायची. तिच्या सायकलला हाताचा ब्रेक होताच, शिवाय पायडल उलटे फिरवले की मागचे चाक थांबे. सवयीने पाय उलटा पडला की ती जागच्या जागी उभी राही. चार-पाच वेळा असे झाल्यावर ती म्हणाली, "अब्बा, मी पुढच्या जलपाशापर्यंत जाऊन थांबू? तुमच्यासाठी हळू चालवली की मी पडते."

आम्ही दोघांनी एकदमच म्हटले, "नको."

"का?"

"एकटी कशाला?"

ती दोन्ही पाय जमिनीला टेकून उभी राहिली. समोरच्या वाटेकडे पाहिले, मागे पाहिले. अजिबात रागाने नव्हे, खरोखर विचारावे तसे तिने विचारले, "इथे कुठला डंपर आहे?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. शिक्षकाला उत्तर सुचत नाही तेव्हा तो म्हणतो, नंतर बघू. आम्ही तेच म्हटले. ती काही न बोलता मागे आली आणि आमच्या मागून चालवू लागली. पुढचे सहा-सात किलोमीटर तिघेही गप्प होतो. वाटेत होर्नबर्गचा किल्ला आला, जिथे लोखंडी हाताचा सरदार ग्योत्स फॉन बर्लिखिंगेन राहिला आणि १५६२ मध्ये वारला. लढाईत उजवा हात गेल्यावर त्याने बोटे मिटणारा लोखंडी हात करून घेतला होता. एरवी लेकीने शंभर प्रश्न विचारले असते. तिने वरही पाहिले नाही.

रात्री एबरबाखच्या खोलीत लेक झोपल्यावर आम्ही दोघे बोललो. हे लिहिणारी सातवीत असताना भावाच्या सायकलवर हाफ पायडल शिकत होती. तिसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या कुणीतरी घरी येऊन चहा घेता घेता सांगितले, तुमची मुलगी रस्त्यावर सायकल चालवते. सायकल बंद झाली. तेव्हा अम्मींनी कारण दिले होते, "पडशील, हातपाय मोडतील." लोक बोलले म्हणून, असे अम्मी म्हणाल्या नाहीत. आईला तसे म्हणणे जड जात असावे. तेहतीस वर्षांनी आम्ही त्याच जागी उभे राहून हातपायांऐवजी डंपर पुढे केला होता. डंपर खोटा नाही. आमच्या रस्त्यावर तो रोज धावतो आणि माणसे मरतात. पण तो खरा असल्यामुळेच त्याच्या मागे लपायला सोपे जाते. लेकीचे अब्बा म्हणाले, "आपल्याला लोकांचीच भीती आहे, तर निदान एकमेकांना तरी तसे सांगू या." त्या रात्री इतकेच ठरले.

सकाळी निघताना त्यांनी लेकीला सांगितले, "हिर्शहोर्नच्या जलपाशापर्यंत जा. तिथे थांब."

सुमारे दहा किलोमीटर. तिने आमच्याकडे नीट पाहिले, थट्टा नाही याची खात्री केली आणि गेली. ओढणीवर हेल्मेट, सलवारीला घोट्याशी रबर, पहिल्या वळणावर दिसेनाशी झाली. त्यानंतर आमची डबलसीट जशी पळाली तशी आधी कधी पळाली नव्हती. गटातले निवृत्त लोक आम्हाला टाळ्या वाजवून वाट देत होते. त्यांना वाटले आमच्यात अखेर दम आला. हिर्शहोर्नला पोहोचलो तेव्हा ती कठड्यावर पाय सोडून बसली होती. शेजारी गाइड बाई, दोघींच्या मध्ये चेरीची पिशवी. एक कोळशाची बोट हौदात खाली जात होती. "एवढा वेळ?" लेकीने विचारले. आम्हाला बोलण्याइतका श्वास नव्हता.

त्यानंतरचे दोन दिवस ती पुढेच होती. नेकारश्टाइनाखला एका ओळीत चार किल्ले आहेत, ते तिने आम्ही येईपर्यंत पाहून घेतले होते. काठच्या जुन्या गावांत घरांच्या भिंतींवर पुराच्या रेषा आणि साल कोरलेले दिसते. १७८४ च्या फेब्रुवारीत बर्फ फुटून आलेल्या पुराने हाइडलबर्गचा लाकडी पूल वाहून नेला आणि मग १७८८ मध्ये आजचा दगडी पूल झाला. कृष्णाकाठच्या माणसाला या रेषा वाचता येतात. २०१९ ची आमच्या घराच्या भिंतीवरची रेषा आम्ही रंग देऊन पुसली, त्यांनी ती दगडात कोरली असती.

हाइडलबर्गला दुपारी पोहोचलो. १३८६ पासूनचे विद्यापीठ, टेकडीवर लाल दगडाचा पडका किल्ला. फ्रेंच फौजांनी तो १६८९ आणि १६९३ मध्ये उद्ध्वस्त केला, पुढे १७६४ मध्ये वीज पडून उरलेला जळाला. किल्ल्याच्या तळघरात दारूचे दोन लाखांहून जास्त लिटरचे लाकडी पिंप आहे. गटातले सगळे ते पाहायला गेले, आम्ही तेवढ्या वेळात नदीपलीकडे गेलो.

पलीकडचा भाग नॉयनहाइम. तिथे एका घराच्या भिंतीवर पाटी आहे. मोहम्मद इक्बाल १९०७ मध्ये इथे राहत होते. केंब्रिजमधून आलेला, तिशीला टेकलेला तरुण. म्युनिक विद्यापीठाला इराणच्या तत्त्वज्ञानावर प्रबंध द्यायचा, त्यासाठी जर्मन शिकायची, म्हणून तो त्या उन्हाळ्यात या घरात राहिला. त्याच वर्षी त्याला डॉक्टरेट मिळाली. उर्दू शाळेत ज्याने "बच्चे की दुआ" म्हणून दिवस सुरू केला आहे, त्याला अशा भिंतीसमोर काय वाटते ते वेगळे सांगायला नको. आम्ही शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो टाकला. पहिला प्रतिसाद शिपाईमामांचा आला, मग मुख्याध्यापकांचा.

नदीच्या दक्षिण काठावर इक्बाल यांच्या नावाचा रस्ताही आहे, इक्बाल-उफर. उफर म्हणजे काठ. ती नज्म सगळी शांततेची आहे. चांदणे, झाडे, पाणी, सगळे निःशब्द. आणि त्या कवीच्या नावाचा रस्ता मोटारींनी भरभरून वाहणारा. लेक म्हणाली, "नाव पलीकडच्या गवताला द्यायला हवे होते." आम्हालाही तसेच वाटले. पण रात्री दहाच्या सुमारास, उजेड संपता संपता, जुन्या पुलावर तिघे उभे राहिलो तेव्हा खाली पाणी खरोखर थांबल्यासारखे दिसत होते. बंधाऱ्यांनी आता त्याला थांबवलेच आहे म्हणा. १९०७ मध्ये ते वेगाने वाहत असणार, तरी त्याला ते शांत दिसले.

उर्दूचा माणूस सापडला, मग मराठीचा? तोही याच गावात आहे. इथल्या विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत ग्युंथर सोन्थायमर शिकवत होते. हा जर्मन माणूस धनगरांच्या वाड्यांवर राहिला, त्यांच्या ओव्या टेपवर उतरवून घेतल्या आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावर १९७६ मध्ये जर्मन भाषेत ग्रंथ लिहिला. १९९२ मध्ये ते वारले. बी.एड.च्या काळात पुण्यात त्यांचे नाव ऐकले होते. आमच्या शिवेवरच्या धनगरांची ओवी ऐकायला एवढ्या लांबून माणूस आला आणि आम्ही शेजारी राहून कधी बसून ऐकली नाही, याची जराशी लाज वाटली.

शेवटच्या दिवशी नदी सोडून आधी श्वेत्सिंगेनला गेलो. सपाट शेतांतून दहाएक किलोमीटर. मातीच्या लांब वाफ्यांत पांढरा स्पार्गेल वाढत होता, ज्यासाठी हे गाव प्रसिद्ध आहे. उकडून, लोणी घालून खातात. आम्हाला शेवग्याच्या शेंगेची आठवण झाली, चव मात्र वेगळी.

इथल्या राजवाड्याच्या बागेत मशीद आहे. दोन मिनार, मध्ये घुमट, पुढे कमानींचा चौक, सगळे गुलाबीसर. हाइडलबर्गचा पूल बांधणारा राजा कार्ल थेओडोर यानेच ती निकोला द पिगाज या वास्तुकाराकडून बांधून घेतली. तो स्वतः १७७८ मध्ये म्युनिकला राहायला गेला आणि काम त्यानंतरही बरीच वर्षे चालले. नमाजासाठी ती कधीच नव्हती. त्या काळच्या युरोपी राजांना बागेत ग्रीक देवळे, पडके रोमन कालवे असे काही काही उभारायची हौस होती, त्यातलीच ही एक. भिंतींवर सोनेरी अरबी अक्षरांत सुविचार आहेत, खाली जर्मन भाषांतर. अक्षरे काढणाऱ्याला अरबी येत नसावी, कारण लिहिण्यात चुका आहेत. लेक बोट न लावता एकेक शब्द वाचत होती आणि चुका मोजत होती. आम्हा दोघांचे हात लाल पेनासाठी शिवशिवत होते. तरी आत उभे राहिल्यावर आवाज आपोआप खाली आला. ज्याने बांधली त्याला शोभेची वस्तू हवी होती. आम्हाला मात्र चपला काढाव्याशा वाटल्या, आणि तसे कुणी करत नव्हते म्हणून आम्ही केले नाही. यावर तिघांची तीन मते झाली, ती इथे लिहीत नाही.

श्वेत्सिंगेनपासून मानहाइमचा रस्ता सायकलच्या इतिहासातला पहिला रस्ता आहे. १२ जून १८१७ ला कार्ल ड्राइस नावाचा वनखात्यातला अधिकारी मानहाइमहून श्वेत्सिंगेनच्या दिशेने आपल्या दोनचाकी लाकडी यंत्रावर निघाला आणि वाटेतल्या घोडे बदलायच्या नाक्यावरून परत फिरला. त्या यंत्राला पायडल नव्हते, चेन नव्हती. दोन्ही पायांनी जमीन मागे रेटायची आणि तोल सांभाळायचा. १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच झाला नाही, पिके बुडाली, घोड्यांना चारा परवडेना. त्यातूनच बिनघोड्याच्या वाहनाची गरज ड्राइसला जाणवली असावी, असे काही अभ्यासक मानतात. त्याच वर्षी मानहाइममध्ये पायी चालणाऱ्यांच्या वाटेवर हे यंत्र चालवायला बंदी झाली. पायडल पुढच्या चाकाला लागले ते १८६० च्या दशकात, फ्रान्समध्ये. १८५१ मध्ये ड्राइस गरिबीत वारला होता, त्याने ते पाहिलेच नाही.

याच शहरातून १८८८ मध्ये बेर्टा बेन्झ ही बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेली मोटार चालवत माहेरी फोर्त्सहाइमला गेली. वाटेत वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेतले. वीसलोख म्हणजे मामूंच्या शेजारचे गाव. लेकीने ही गोष्ट दोनदा सांगायला लावली. "नवऱ्याला न सांगता" हे शब्द तिला विशेष आवडले, तिच्या अब्बांना कमी.

मानहाइमच्या मुक्कामी गाइड बाईने ड्राइसची हकीकत सांगून संपवली आणि हे लिहिणारीकडे बोट केले. "आता तुम्ही." हॉटेलच्या मागच्या अंगणात तिने लेकीच्या सायकलचे दोन्ही पायडल पाना लावून काढले आणि सीट इतकी खाली केली की पाय पूर्ण टेकतील. म्हणाली, ड्राइससारखे करा. पाय मारा, उचला, पुन्हा मारा. पंचेचाळीस वर्षांची बाई अंगणात पाय आपटत गोल गोल फिरते आहे, हे हॉटेलच्या खिडकीतून दोन वेटर पाहत होते. त्यांचे काही वाटले नाही, कारण ते आपल्या मोहल्ल्यातले नव्हते. अर्ध्या तासाने दोन्ही पाय उचललेले राहू लागले. मग पायडल लावले. भिंतीपासून फाटकापर्यंत, वीसेक पावले, कुणी न धरता. फाटकाला धडकून सायकल थांबली. ब्रेक शिकायचा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी जुम्याची नमाज तिथल्या सुलतान सलीम मशिदीत. १९९५ मध्ये उघडलेली, मोठी, समोरच कॅथलिक चर्च. मानहाइमच्या मध्यभागात रस्त्यांना नावे नाहीत, चौकोनांना अक्षर आणि आकडा आहे. पत्ता शोधताना गणिताच्या शिक्षकाला फार बरे वाटते.

परत येऊन आता महिना होत आला. लेकीला हवे होते तेच कॉलेज मिळाले आहे. एका रविवारी सकाळी तिने आणि तिच्या अब्बांनी तो साडेचार किलोमीटरचा रस्ता सायकलने जाऊन पाहिला. वाईट जागा तीन निघाल्या. पुलाचे टोक, साखर कारखान्याचा फाटा आणि बसस्टँडसमोरची गर्दी. पहिल्या दोन टाळायला शेताच्या कडेचा जुना रस्ता आहे, दीड किलोमीटर लांब पडतो. तिसरी टळत नाही, तिथे उतरून चालायचे ठरले. उसाचा हंगाम सुरू झाला की पुन्हा पाहावे लागेल. दादींनी एवढेच विचारले की हेल्मेट ओढणीवर की ओढणी हेल्मेटवर, आणि उत्तर ऐकून समाधान झाल्यासारखी मान हलवली. शेजारून पहिली चौकशी तिसऱ्याच दिवशी आली. आम्ही चहा दिला आणि म्हटले, हो, आम्हीच सांगितले आहे.

तिघी मैत्रिणींनी मिळून जायचे, असा लेकीचा बेत आहे. एकीच्या घरून होकार आला. दुसरीचे अब्बा म्हणाले, पाठवले असते हो, पण रस्ता खराब आहे. येत्या रविवारी आम्ही दोघे त्यांच्याकडे चहाला जाणार आहोत.